रुमालाखालचा आकडा

नवाज मुलाणीनं उभ्या आयुष्यात सौद्याचा आकडा कधी तोंडानं सांगितला नाही. वलवणात कुणालाही विचारा. आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. विकणाऱ्यानं हात पुढे करायचा, घेणाऱ्यानं त्यावर रुमाल टाकायचा आणि आतून बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा त्या दोन हातांनाच कळतो. चारचौघांत आकडा ओरडणाऱ्याला नवाजभाई 'भाजीवाला' म्हणायचा. भाजीवाल्यांनी राग मानू नये, त्याची जीभच तशी.

मी गोरख. माझा छोटा टेम्पो आहे. वीस वर्षं नवाजभाईच्या शेळ्या-बोकडं मी त्यातून वाहिली. गावात कुणी मला त्याचा ड्रायव्हर म्हणतं, कुणी दोस्त. त्याची बायको, आमची शमीमभाभी, मला त्याचं शेपूट म्हणते. म्हणू दे. मला राग पटकन येतो, पण भाभीचा आला तरी दाखवता येत नाही, कारण दुपारचं जेवण बऱ्याचदा तिच्याच हातचं असतं.

नवाजभाईच्या हाताला मी अख्ख्या तालुक्यात तोड पाहिली नाही. बोकडाच्या शेवटच्या बरगडीमागं चार बोटं टेकवायची, अंगठ्यानं कणा चाचपायचा, झालं. काट्यावर घातलं तर फरक फार तर अर्ध्या किलोचा. बाजारात काही बिलंदर लोक जनावराला मीठ चारतात आणि वर पोटभर पाणी पाजतात, म्हणजे वजन दोन किलो जास्त भरतं. असलं जनावर हाताखाली आलं की नवाजभाई मालकाला शांतपणे म्हणायचा, "बोकड घेतो. पाणी तुजं तू घिऊन जा." भोवतीची माणसं खो खो हसायची आणि मालक मुकाट बोकड घेऊन चालता व्हायचा.

आणि आवाज! कुरवंड्याच्या डोंगरावर उभा राहून तो खालच्या पठारावर बकऱ्या चारणाऱ्या सखारामाला हाक मारायचा. "सखाराऽऽम!" मी शेजारी कानात बोटं घालून उभा असायचो. फोनला रेंज नसायची तिथं, पण नवाजभाईला कधी रेंज लागली नाही. खालनं सखारामाचं मुंडासं हललं की आम्ही पायवाट उतरायला लागायचो.

गेल्या दिवाळीनंतर तो आवाज बसला. आधी वाटलं, धूळ असेल. मग कफ असेल. भाभीनं अडुळशाचा काढा दिला, मध-आलं दिलं, बिड्यांचं बंडल चुलीत घातलं. चाळीस वर्षांची बिडी एका चुलीत थोडीच जळते? होळीच्या सुमारास मानेला सुपारीएवढी गाठ लागली. तेव्हा भाभीनं ऐकलं नाही, मला टेम्पो काढायला लावला आणि तळेगावच्या पुढं जे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे तिथं नेलं.

तिथल्या डॉक्टर मानसी. वय असेल चाळिशीचं, बोलणं हळू आणि सरळ. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासला आणि आम्हाला तिघांना समोर बसवून सांगितलं, "चाचा, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. दोन रस्ते आहेत. एक ऑपरेशन, स्वरयंत्र काढून टाकायचं. जीव वाचतो, आवाज जातो. दुसरा रेडिएशनचा, पस्तीस दिवस. तुमच्या बाबतीत त्यातही आजार जाण्याची चांगली आशा आहे, आणि आवाजही राहू शकतो. पण किरण जिथं पडायला हवेत तिथंच पडले पाहिजेत. चुकले तर शेवटी ऑपरेशनच."

नवाजभाईनं क्षणाचाही विचार केला नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "रेडिएशन."

त्यांनी त्याला टेबलावर निजवून गरम जाळीचा मुखवटा तोंडावर, मानेवर आणि खांद्यांवर बसवला. थंड झाला की तो कडक होतो आणि माणूस तसूभर हलत नाही. मग आतले फोटो काढले. दोन दिवसांनी मॅडमनी आम्हाला कॉम्प्युटरवर त्याची मान दाखवली. लाल रेषेत गाठ, निळ्या रेषेत पाठीच्या कण्यातली मुख्य नस, पिवळ्या रेषेत लाळेच्या ग्रंथी. किरण कुठल्या बाजूनी सोडायचे याचे कॉम्प्युटरनं तीन आराखडे मांडले होते. कशात लालला किती मिळेल, निळ्याला किती लागेल, सगळं शेजारी लिहिलेलं.

नवाजभाईनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मंग हे यंत्र ठरवतं का तुमी?"

"यंत्र अंदाज सांगतं," मॅडम म्हणाल्या. "ठरवते मी. सही माझी असते."

"म्हंजी दलालावानी," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "भाव त्यानं सुचवायचा, पण दावं मालकाच्या हातात."

मॅडम हसल्या. मग बोट उगारून म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. वजन. घसा सोलेल, गिळताना जीव नको होईल, तरी खायचं. मान बारीक झाली की मुखवटा सैल होतो आणि सगळा हिशोब चुकतो. दर सोमवारी वजन घेऊ. फार उतरलं तर थांबून सगळं परत करावं लागेल, आणि नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावं लागेल."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नळीचं नाव काढल्यावर नवाजभाईचा चेहरा काट्यावर नापास झालेल्या बोकडाच्या मालकासारखा झाला. परत येताना कामशेतच्या पुढं तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "गोरख, उतरलेलं जनावर कोन घेतं का रं?"

"तू काय जनावर हाईस का?" मी खेकसलो.

"थांबवतील त्ये. मंग कापतीलच."

पहिल्या दिवशी वजन बासष्ट भरलं. रमजानची ईद होऊन आठवडा झाला होता. रोज सकाळी मी टेम्पो काढायचो, वलवणातून जुन्या हायवेनं खाली, दहाचा नंबर. आत कोमल नावाची मुलगी मशीन चालवायची. ती त्याला मुखवटा लावायची, आधी मशीननंच मानेचा फोटो घ्यायची, आणि कॉम्प्युटर तो पहिल्या फोटोशी ताडून बघायचा. हिरवा चौकोन म्हणजे चला. पिवळा म्हणजे बघा. लाल म्हणजे थांबा. हे मला कोमलनंच सांगितलं, कारण बाहेर बसून बसून मी तिला भंडावून सोडलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात घसा सोलला. पेज गिळतानासुद्धा त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भाभी खिमट करायची, अंडं फेटून द्यायची, समोर बसून घास मोजायची. तो चार घास घ्यायचा आणि मानेनं 'पुरे' म्हणायचा. भाभी मोरीत जाऊन रडायची आणि बाहेर येऊन मलाच ओरडायची, "तू तरी सांग की त्याला!"

आणि मी शहाणा काय करत होतो? ऐका. त्या सोमवारी हॉस्पिटलात शिरायच्या आधी त्यानं पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या. एकेक घोट गिळताना मुठी आवळत होता. मला वाटलं, तहान लागली असेल. वजन एकसष्ट भरलं. सिस्टर म्हणाली, "छान, चाचा." त्यानं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर लोकांच्या बोकडांच्या पोटातलं पाणी काढणारा माणूस स्वतःच पाणी पिऊन काट्यावर चढला होता.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, हसलो मी. म्हटलं, एवढी खोडी सुचतेय म्हणजे गडी अजून खंबीर आहे.

तिसऱ्या सोमवारी पाणी गिळेना. मग त्यानं घरातली जुनी लोखंडी वजनं काढली. दोन किलोचं एक आणि एकाचं एक, कापडी पट्ट्यात घालून सदऱ्याखाली कमरेला बांधली. चौथ्या सोमवारी दोनची दोन आणि एकाचं एक. वजन झालं की तो संडासाकडे जायचा, पट्टा सोडायचा, आणि मी तो पिशवीत घालून टेम्पोच्या सीटखाली ठेवून यायचो. हो, मीच. मी त्याला म्हणालोही, "नवाजभाई, ह्ये बरं न्हाई." तो पाटीवर लिहून द्यायचा, कारण एव्हाना आवाज पुरता गेला होता: 'थांबवतील.' पुढे मी काही बोललो नाही. दोस्तीच्या नावाखाली माणूस किती गाढवपणा करतो!

चौथ्या आठवड्यातल्या त्या सोमवारीही काटा एकसष्ट म्हणाला. नवाजभाई मुखवट्याच्या खोलीत गेला, पण नेहमीच्या दहा मिनिटांत बाहेर आला नाही. पंधरा झाली, वीस झाली. मग कोमल दारात आली आणि म्हणाली, "गोरखकाका, आत या. मॅडमनी बोलावलंय."

त्या दिवशी मी टेम्पोपर्यंत गेलोच नव्हतो. पिशवी तेव्हा माझ्या हातातच होती.

आत नवाजभाई टेबलावर उठून बसला होता, मुखवटा बाजूला. कॉम्प्युटरवर पिवळा चौकोन होता. मॅडम त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"तिसऱ्या आठवड्यापासून हे पिवळं येतंय," त्या मला म्हणाल्या. "मान मुखवट्यात सैल पडलीय. आज तर कोमलची दोन बोटं आत जातायत. मान सरकतेय एका तांदळाच्या दाण्याएवढी. तुम्हाला वाटेल, एवढंसं काय. पण तेवढ्यानं गाठीच्या एका कडेला किरण कमी पडतात आणि मागच्या नसेला जास्त. कॉम्प्युटर रोज मला विचारतोय की वजन उतरलंय का. मी रोज त्याला सांगतेय, नाही. मग तो म्हणतो, गाठ आकसली असेल, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबून बघा. आणि मीही तेच धरून चालले."

मी हातातली पिशवी पाठीमागं सरकवली.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, काका? मी चुकीचं सांगितलं तर तो बरोबर कसं सांगेल?"

मग त्यांनी एक गोष्ट केली. उठल्या आणि नवाजभाईच्या खांद्यावर हात ठेवला. चार बोटं गळ्याच्या हाडामागं टेकवली, अंगठ्यानं हाड चाचपलं. मग पाठीवर, बरगडीच्या मागं. डोळे मिटून.

मी नवाजभाईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वीस वर्षं मी हा हात पाहिलाय, फक्त तो त्याचा असायचा. तो एकदम ताठ झाला आणि मग त्याचे खांदे पडले. काट्याला फसवता येतं, कॉम्प्युटरला फसवता येतं. पण चाचपणाऱ्या हाताला फसवता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काटा एकसष्ट म्हणतोय," मॅडम म्हणाल्या. "माझा हात नाही म्हणतोय. चाचा, खरं किती?"

नवाजभाईनं ओठ हलवले. आवाज आला नाही. पाटी बाहेरच्या बाकावर राहिली होती. कोमल कागद आणायला वळली, तेवढ्यात त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्याकडे बघितलं. हात पुढे कर म्हणून मानेनं खुणावलं.

मी पिशवी खाली ठेवली. लोखंड फरशीवर वाजलं, सगळ्यांनी ऐकलं. मी हात पुढे केला. त्यानं वर रुमाल टाकला आणि आत हात घातला. त्याचा हात गरम होता आणि नुसता हाडांचा. आधी त्यानं माझा पूर्ण पंजा धरला. मग सोडून फक्त एक बोट धरलं.

पाच आणि एक.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आता तो आकडा माझ्या तोंडून यायचा होता. रुमालाखालचा आकडा तिसऱ्याला सांगायचा नाही, हा आमचा धर्म. मी वीस वर्षं एकदाही मोडला नव्हता. नवाजभाईनं माझं बोट सोडलं नाही, उलट आणखी घट्ट दाबलं. सांग, म्हणत होता तो.

"सहा किलो उतरलाय, मॅडम," मी म्हणालो. "बासष्टचा छप्पन्न झालाय. बाकीचं लोखंड हाय, ह्या पिशवीत. मीच नेऊन ठेवत हुतो गाडीत. उतरलेलं जनावर कोन घेत न्हाई, म्हनत हुता." आणि मग मला रडू फुटलं, चांगलं हमसून.

मॅडमना राग आला होता. नाकपुड्या हलत होत्या. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशवी उघडली, एकेक वजन टेबलावर मांडलं, आणि म्हणाल्या, "चाचा, उतरलेलं जनावर बाजारात टाकून देतात. मी बाजार भरवून बसलेली नाही. वजन उतरलं तर मी आराखडा बदलते, माणूस टाकत नाही. कळलं?"

त्यानं मान हलवली. मग स्वतःच्या नाकाला बोट लावलं. म्हणजे नळी घाला.

दोन दिवस उपचार थांबले. नवा मुखवटा, नवे फोटो. कॉम्प्युटरनं आधीच्या आठवड्यांचे फोटो जोडून हिशोब मांडला, की सैल मुखवट्यात नक्की कुठं किती पडलं. नस बचावली होती. गाठीच्या कडेला थोडं कमी पडलं होतं. ते भरून काढायचे तीन रस्ते त्यानं दाखवले. मॅडम दोन वरिष्ठ डॉक्टरांना घेऊन तासभर त्या खोलीत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "मधला रस्ता घेतलाय. सही केलीय. ते कमी पडलेलं नुकसान करणार नाही असं मला वाटतं, पण खात्री आज कुणीच देणार नाही, मीही नाही आणि हेही नाही." बोट कॉम्प्युटरकडे होतं.

भाभीला हे सगळं मी त्याच दिवशी सांगितलं. तिनं मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. आठ दिवस जेवण बंद. नवव्या दिवशी डबा आला, त्यात मीठ नव्हतं, पण मी हूं की चूं केलं नाही.

पस्तीस दिवस पुरे झाले. नळी महिनाभर राहिली. मग पेज, मग खिचडी, मग एक दिवस त्यानं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून गिळला आणि भाभी पुन्हा मोरीत गेली. पण आवाज काही येईना. कुजबुज यायची, घोगरी, वारा फाटकातून जावा तशी. बकरी ईदेला गिऱ्हाइकं दारात आली, तो खुर्चीवर बसून नुसता हातानं खुणा करायचा. रात्रंदिवस मला एकच विचार. ती जी कड कमी पडली, ती आमच्या लोखंडामुळं. गाठ परत आली तर त्याचं स्वरयंत्र माझ्या पिशवीनं नेलं असं होणार.

सप्टेंबरात तपासणीला बोलावलं. वलवणात धुकं एवढं की टेम्पोचे दिवे लावून निघालो. मॅडमनी दुर्बीण घातली, नवे फोटो बघितले, कॉम्प्युटरनं जुन्याशी ताडले. बराच वेळ गेला. मी दाराला टेकून उभा होतो, भाभी आत माझ्याकडे पाठ करून.

"स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या. "कडही स्वच्छ. तीन तीन महिन्यांनी येत राहायचं, पण आज स्वच्छ आहे. आवाजाला वेळ लागेल, जपून वापरायला सुरुवात करा."

भाभीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

मग कागदावर वजन लिहायचं राहिलं होतं. बाहेर तीच सिस्टर, तोच काटा, रांगेत वीसेक माणसं. नवाजभाई काट्यापाशी गेला आणि सिस्टरनं न सांगताच चपला काढल्या. खिशातली किल्ली, चिल्लर, तपकिरी पाकीट, सगळं काढून माझ्या हातात दिलं. बंडी काढली. मग सदऱ्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढून सगळ्यांना दाखवले. रांगेतली माणसं हसायला लागली, त्यांना काय कळणार?

तो काट्यावर चढला. डोळे मिटले आणि स्वतःच्याच बरगडीमागं चार बोटं टेकवली. आकडा लागला त्याला. मी सवयीनं हात पुढे केला आणि रुमाल वर टाकला.

त्यानं रुमाल बाजूला सारला, छाती भरून घेतली आणि चारचौघांत, खडखडीत, कुरवंड्याच्या पठारापर्यंत जावा असा ओरडला, "एकोणसाऽऽठ!"

सिस्टर दचकली. काट्यावर बघितलं, एकोणसाठच होतं. मग ती त्याच्यावर डाफरली, "चाचा, हॉस्पिटल आहे हे! हळू बोला जरा."

वर्षभरात त्याला हळू बोल म्हणणारी ती पहिलीच.